ऑपरेटरच्या मरणाची पहिली खबर

"शिवला! अरे बावा, शिवला! बसूनच राह्यला होता डोक्यावर!"

आमचा ऑपरेटर बंद टाकीजच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता. दोन्ही हात डोक्यावर असे धरलेले, जणू कावळा अजून उतरलाच नाही. मार्केट यार्डात कापसाच्या गंजीला टेकून झोपलेले हमाल उठून बसले. जैनथला निघालेली ऑटो थांबली. पैनगंगेपलीकडं महाराष्ट्रातही आवाज पोचला, असं मी म्हणतो. माझ्या बोलण्यातले बारा आणे वजा करून ऐकायची गावाला सवय आहे, तुम्हीही करा; उरलेल्या चार आण्यांचा आवाजसुद्धा काही कमी नव्हता. कारण हा माणूस चाळीस वर्षांत कधी ओरडला नव्हता.

चहावाल्या अनसाबाईनं ग्लास विसळता विसळता विचारलं, कोण शिवला? कावळा, असं कळल्यावर ती हसली नाही. तिनं हात पदराला पुसले आणि स्टोव्ह बारीक केला.

आमच्याकडं कावळा डोक्याला शिवला म्हणजे मरण जवळ आलं. त्यावर उपायही आमच्याकडंच आहे. माणूस मेला अशी खोटी खबर जवळच्या नातेवाइकाला लागलीच पाठवायची. तो धाय मोकलून रडला की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते माघारी फिरतं. मग दुसरी खबर धाडायची, माणूस ठणठणीत आहे, जेवायला या. माझे सख्खे मामा या पद्धतीनं तीनदा वाचले. तिसऱ्या खेपेला मावशीनं रडायच्या आधी विचारून घेतलं, जेवायला किती वाजता यायचं.

"कोणाले कळवायचं, ऑपरेटरभाऊ?" अनसाबाई म्हणाली.

त्यानं हात खाली घेतले आणि पायरीवर बसला. बायको त्यानं केलीच नव्हती. पोरगी पाहायला जायची वेळ आणि फर्स्ट शोची वेळ दर वेळी एकच निघायची. उटनूरला एक भाऊ होता, तो गेला. मी म्हटलं, मी आहे ना, मला कळव.

"तू इथं उभा हायेस. तुले दिसून राह्यलं का मी जित्ता हाये. तू कसा रडशीन?"

अनसाबाईनं त्याच्यापुढं चहाचा ग्लास ठेवला.

थोड्या वेळानं तो आपणच म्हणाला, "आक्काले कळवू."

आता ही आक्का कोण, ते सांगायचं तर मागं जावं लागेल.

सिनेमाचा ऑपरेटर तुम्ही पाहिलाय का? नसेल. सगळ्यांची पाठ त्याच्याकडं असते. मी दारावर तिकिटं फाडायचो, म्हणजे गावातला प्रत्येक हात मला ओळखायचा. तो वर केबिनमध्ये, एका भोकामागं. लोक त्याची आठवण फक्त रीळ तुटल्यावर काढायचे, आणि ज्या शब्दांनी काढायचे ते इथं लिहिता येत नाहीत.

त्या काळी रविवारी सकाळी भारत-रशिया मैत्री मंडळवाले फुकटात सिनेमा दाखवायचे. गाणं नाही, मारामारी नाही, नुसती माणसं खिडकीतून बाहेर बघतात. पहिल्या रविवारी सातजण आले. मध्यंतराला चार उरले, त्यात एक झोपलेला होता आणि एक मी होतो.

एकदा असा सिनेमा दाखवून झाला आणि पैनगंगेला पूर आला. रिळांची पेटी नागपूरला परत जाईना. आठ दिवस ती केबिनमध्ये पडून. ऑपरेटरनं रिकाम्या टाकीजमध्ये तो सिनेमा स्वतःसाठी लावला. वीसदा लावला, असं तो म्हणायचा. मी दारावर होतो, मी दोनशे म्हणतो. त्यात एका नदीवर नाव चालते आणि एक तरुण बाई त्या नावेवर तिकिटं फाडते, म्हणजे माझ्याच खात्यातली. तिचं काम अर्ध्या मिनिटाचं. हिरो नावेतून उतरून जातो, ती त्याच्या पाठीकडं पाहते, मग मान वळवून सरळ समोर पाहते. बस.

"समोर म्हंजे कोणाकडं?" ऑपरेटर विचारायचा. "खाली खुर्च्या रिकाम्या. समोर भोक. भोकामागं मी."

ती आक्का. तिचं खरं नाव तीन मजली होतं, आणि त्याचंच ऑपरेटरला भारी अप्रूप. स्वतःचं नाव, मधे बापाचं, शेवटी घराण्याचं. "पाह्य ना, बापाचं नाव मधी. आपलीच माणसं हायेत ते."

मग तो या माणसांच्या मागं लागला. माणसं रशियात, पण त्यांचे पत्ते तालुक्याच्या शाळांमध्ये निघाले. तुमच्या पुस्तकांनाही तीच कव्हरं असतील. रशियाहून येणारी ती गुळगुळीत कागदाची मासिकं वाचायची कोणी नाही, पण वह्या-पुस्तकांना कव्हर घालायला तसा कागद दुसरा नव्हता. नट-नट्यांची चरित्रं अशी गणिताच्या, तेलुगूच्या पुस्तकांवर चढून बसली होती. ऑपरेटर खाकी कागदाचे ताव घेऊन शाळांच्या दारात उभा राहायचा. जुनं कव्हर द्या, नवं घालून देतो.

घडीवर चरित्र तुटायचं. एका मोठ्या नटाची लढाईत दोन बोटं गेली होती, म्हणून तो प्रत्येक भूमिकेत तो हात कोटाच्या खिशात ठेवायचा. पुढं त्याला राजाचं काम मिळालं, आणि राजाच्या पोशाखाला खिसाच नव्हता. इथं कागद संपला. राजानं हाताचं काय केलं? ऑपरेटर तीन महिने जेवला नाही. बरं, जेवला, पण चव लागली नाही. शेवटी उरलेला अर्धा जैनथच्या एका पोरीच्या भूगोलावर सापडला. नटानं तो हात सगळ्यांसमोर उघडा ठेवून पूर्ण नाटक केलं होतं. जैनथहून परत येताना ऑपरेटर बसमध्ये रडला, हे कंडक्टरनं मला सांगितलं. यात माझा एक पैसाही नाही.

दुसरा एक नट एका सिनेमानं देशभर गाजला आणि नंतर तो सिनेमा लागलेल्या थिएटरातच प्रेक्षकांचे ओव्हरकोट सांभाळायला बसला. बिल्ला देताना लोक त्याच्याकडं पाहत आणि म्हणत, तुम्ही कुणासारखे तरी दिसता. "मग तो काय म्हणे?" मी विचारलं. "म्हणे, व्हय, लोक म्हंतात तसं."

आक्का मात्र सिनेमात पुन्हा आली नाही. तिच्या गावच्या थिएटरात ती सोळाव्या वर्षी एका नाटकात धाकटी बहीण झाली. त्याच नाटकात पुढं थोरली बहीण, मग आई, मग दाई. नाटक तेच, रंगमंच तोच, ही एकेक पायरी चढत गेली. थिएटराच्या पत्त्यावर ऑपरेटरनं पत्रं घातली, इंग्रजी एका वकिलाकडून लिहून घेतलं. किती? मी शंभर म्हणतो, तुम्ही पंचवीस धरा. उत्तर एकच आलं, सहीचा फोटो, मागं थिएटराचा शिक्का. तो फोटो मशीनच्या वर लागला. टाकीज बंद पडलं, मशीन भंगारात गेलं, मालकानं ऑपरेटरला राखणदार म्हणून ठेवून घेतलं, तेव्हा फोटो खाली तिकिटाच्या खिडकीत आला.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या रशियन नट-नट्यांतलं कोणी गेलं की ऑपरेटर शोकसभा घ्यायचा. दर रविवारी मी मोबाईलवर नावं टाकून बघायचो, आणि एखादं गेलेलं निघालं की तिकिटाच्या खिडकीत त्याचं कव्हर लागायचं, झेंडूचा हार, दोन मिनिटं उभं राहणं, चहा. उपस्थिती मी, अनसाबाई आणि स्टोव्हच्या उबेला झोपणारं कुत्रं. तिकीट फाडणाऱ्या हातानं मी अडतीस कलावंतांना निरोप दिलाय. यातला आकडा कमी करू नका, तो खरा आहे. आक्काचं नाव टाकलं की मात्र काहीच यायचं नाही. ऑपरेटर म्हणायचा, "काई नाई आलं ना? मंग जित्ती हाये."

तर त्या दिवशी, कावळा शिवल्यावर, आम्ही फोटोमागच्या शिक्क्यावर मोबाईल धरला. थिएटर निघालं. अजून चालू. निरोप लिहायला जागाही होती. मी मराठीत सांगितलं, मोबाईलनं रशियन केलं: आदिलाबादचा सिनेमा ऑपरेटर, आपला जुना प्रेक्षक, आज वारला. खाली आक्काचं तीन मजली नाव, त्यांना कळवावे.

"रडन का ती?" त्यानं विचारलं.

"न रडून जाईल कुठं," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. मी एकटाच होतो, पेट्रोल पंपावर. मोबाईलनं त्याचं मराठी केलं: "आपला संदेश मिळाला. कलाकार मागील हिवाळ्यात मरण पावल्या. आपल्या मित्राबद्दल खेद आहे. कार्यालय."

मी आयुष्यभर थापा मारल्या. मजेसाठी मारल्या, चहासाठी मारल्या. त्या दिवशी पंपापासून टाकीजपर्यंत पायी आलो आणि पहिल्यांदाच थाप जुळवताना घाम फुटला.

ऑपरेटर पायरीवर बसून होता. तीन दिवस तो रस्ता ओलांडत नव्हता, हे अनसाबाईनं सांगितलं होतं. मी लांबूनच हात हलवला. म्हटलं, रडली. नुसती रडली नाही, दाईच्या वेशात रंगमंचावर आली, नाटक थांबवलं, म्हणाली आदिलाबादचा माझा ऑपरेटर गेला. आठशे लोक उभे राहिले. पडदा ओढणारा पडद्यातच तोंड खुपसून रडला. बाहेर बर्फ पडत होता तो दोन मिनिटं थांबला.

ऑपरेटर खाली मान घालून ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं एकच विचारलं.

"डोळे कोन्या हातानं पुसले?"

"उजव्या," मी म्हणालो.

त्यानं खिडकीतल्या फोटोकडं पाहिलं. मग म्हणाला, "बरं झालं. कोनी तरी पुसले." आणि अनसाबाईला तीन चहा सांगितले.

आता रिवाजाप्रमाणं दुसरी खबर धाडायची होती, माणूस जिवंत आहे म्हणून. मी उद्या-उद्या करत राहिलो. ज्यांना कळवायचं त्याच नव्हत्या, आणि कार्यालयाला त्यात काय. ऑपरेटरनंही पुन्हा विषय काढला नाही. रविवारी नावं टाकायला बसलो की आक्काचं नाव तेवढं तो सांगायचा नाही.

मरण खरोखर माघारी फिरलं. वर्षभर तो असा हिंडला की सांगता सोय नाही. यार्डातले हमाल, तेलुगूत राव म्हणावं तसं गारू लावून, त्याला "ऑपरेटर गारू, तुम्ही कधी मेलात?" असं चिडवायचे, आणि तो ऐटीत म्हणायचा, "रशियात मेलो, बावा. इथं अजून बाकी हाये."

पुढच्या कापसाच्या हंगामात, भर दुपारी, तो तिकिटाच्या खिडकीखाली बसल्या बसल्या गेला. अनसाबाई ग्लास न्यायला गेली तेव्हा चहा अर्धा होता, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणं अजून कोमट.

त्याची शोकसभा मी त्याच संध्याकाळी घेतली. फोटो सापडेना. चाळीस वर्षं उजेडामागं बसलेल्याचा फोटो कोण काढणार? आधार कार्ड झेरॉक्सवर मोठं करून आणलं, त्यात तो स्वतःच्याच आत्यासारखा दिसत होता. शेजारी आक्काचा फोटो ठेवला, तिचीही सभा राहिली होती. फोटोत तिनं फुलं डाव्या हातात धरलेली. मग त्यानं जमवलेल्या कागदांतलं तिचं कव्हर उलगडलं. पहिल्याच परिच्छेदात होतं: ही डावखुरी मुलगी.

म्हणजे त्या दुपारी पायरीवर माझी थाप त्यानं पकडली होती. ओळ न ओळ पाठ असलेला माणूस तो. सगळं कळून त्यानं चहा सांगितला.

उपस्थिती मी, अनसाबाई, कुत्रं. दोन मिनिटांतलं एक मिनिट मी नुसता रडलो. त्याचं म्हणणं खरं ठरलं, तो जिवंत असेपर्यंत मला रडता येणार नव्हतं.

घरी येऊन मी त्या थिएटराला पुन्हा लिहिलं. या वेळी एक अक्षर वाढवून लिहिलं नाही: आदिलाबादचा सिनेमा ऑपरेटर, आपला जुना प्रेक्षक, आज वारला.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं.

"ही माहिती आपण मागील वर्षी दिली आहे. कार्यालय."