आजोळचा व्हिसा

औसा या गावावर चाचांइतकं प्रेम करणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि हे म्हणताना औशात जन्मून औशातच म्हातारी झालेली सगळी माणसं मी हिशेबात धरली आहेत. लातूरहून सोलापूरच्या रस्त्यानं निघालं की अर्ध्या तासात आमचं हे तालुक्याचं गाव लागतं. किल्ला आहे, बाजार समिती आहे, एसटी स्टँड आहे. आम्हा गावकऱ्यांचं गावावरचं प्रेम म्हणाल तर ते नगरपालिकेला नावं ठेवण्यापुरतं. चाचांचं तसं नव्हतं. त्यांच्या लेखी जगात जे काही चांगलं होतं ते आधी औशात झालं आणि मग हळूहळू इतरांना मिळालं. अडचण एवढीच होती की चाचांनी औसा कधी पाहिलं नव्हतं. ते जन्मले कराचीत, वाढले कराचीत, आणि मला भेटले मस्कतमध्ये, एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये.

मी तिथं इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून नवीनच लागलो होतो. जेवणाच्या सुट्टीत बायकोशी फोनवर बोलत होतो. घरी सगळ्यांची जेवणं उरकून ती एकटीच मागं राहिली होती, म्हणून म्हणालो, "नुसती भाकर खाऊ नको, उलीसं कोरड्यास करून घे." शेजारच्या टेबलावर पांढऱ्या दाढीचे, जाड भिंगांचा चष्मा लावलेले स्टोअरकीपर बसले होते. हातातला घास तसाच धरून ते माझ्याकडे बघत राहिले. फोन संपल्यावर उठून जवळ आले आणि जरा दरडावल्यासारखंच विचारलं, "ये लफ्ज़ तुमकू किसने सिखाए?"

उलीसं म्हणजे थोडंसं, कोरड्यास म्हणजे भाकरीशी लावून खायचं कालवण. हे आणि मायंदाळ, बिगीनं असले शब्द चाचांनी आईखेरीज कुणाच्याच तोंडून ऐकले नव्हते. कराचीच्या त्यांच्या गल्लीत ते कुणाला कळायचे नाहीत, शाळेत बोलले तर पोरं हसायची. त्यामुळे हे शब्द आपल्या आईनंच बनवले असावेत, अशा समजुतीत त्यांची पन्नाशी उलटली होती. एक परका माणूस फोनवर, तेही भाकरीबद्दल बोलताना, ते सहज वापरतो हे पाहून त्यांना आधी संशय आला आणि मग त्यांनी मला जवळची खुर्ची ओढून दिली. ती खुर्ची पुढं कित्येक वर्षं माझीच राहिली.

चाचांची आई औशाची. नवरा नांदेडकडचा. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत नवऱ्याच्या थोरल्या भावानं सगळं बिऱ्हाड कराचीला हलवलं आणि ही नवी नवरी बरोबर गेली. निघताना आपल्या आईला सांगून गेली की येळवशीला येते. येळवस म्हणजे आमच्या भागातली वेळ अमावस्या. थंडीच्या दिवसांत येते, आणि त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं. आंबील असते, भज्जी असते, बाजरीचे उंडे असतात, आणि वाटेनं जाणाऱ्याला, मग तो कोणीही असो, हाताला धरून पंगतीत बसवतात. ती काही कुठल्याच येळवशीला आली नाही. पण पोरांना तिनं औसा तोंडपाठ करून दिलं. नांदेडबद्दल मात्र चाचांना अजिबात माया नव्हती. वडलांचं गाव असून ते म्हणायचे, "बड़ा शहर हुंगा. पर औसे की बात नै."

हे प्रेम आंधळं होतं आणि त्याचा इतरांना त्रास व्हायचा. मस्कतमध्ये डोंगराडोंगरावर किल्ले आहेत. कुणी नवीन माणूस कौतुकानं ते बघायला लागला की चाचा सांगायचे, औशाच्या किल्ल्यापुढं ही चौकीदाराची खोली आहे. आमच्या कॅम्पात मुखेडचा एक वेल्डर होता. त्यानं एकदा बेसावधपणे म्हटलं की आमच्याकडचा कंधारचा किल्ला औशाहून मोठा आहे. त्यानंतर त्या बिचाऱ्याला स्टोअरमधून हातमोजे मिळेनात. आज संपलेत, उद्या येतील, साहेबांची सही आणा. शेवटी मी मध्यस्थी केली, आणि कंधारचा किल्ला नुसता लांबीला जास्त आहे, रुबाबाला नाही, असं वेल्डरनं कबूल केल्यावर हातमोजे निघाले. पाण्याचंही तसंच. मस्कतमध्ये समुद्राचं पाणी गोड करून देतात. चाचा प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करत. त्यांची आईही म्हणे कराचीत जन्मभर हेच करत आली. "पानी है, पर पानी जैसा नै," असं ती म्हणायची.

एरवी चाचा शुद्ध कराचीची उर्दू बोलत. खिळे, वायर, सिमेंट यांचा व्यवहार त्या उर्दूत व्हायचा. औशाचा विषय निघाला की मात्र जीभ आपोआप आईच्या वळणावर जायची, हौ आणि नक्को सुरू व्हायचं, आणि आवाजही जरा बारीक व्हायचा. मी दर वर्षी सुट्टीला निघालो की बाकीचे लोक चिवडा, लोणचं, काळा मसाला सांगायचे. चाचांना फक्त मराठी कॅलेंडर लागायचं. अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. मी त्यावर वेळ अमावस्येला गोल करून द्यायचो आणि ते कॅलेंडर स्टोअरच्या भिंतीवर, कंपनीच्या सुरक्षा नियमांच्या वर, टांगलं जायचं.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा पुढंच आहे. त्यांना औशाचा फोटो चालत नसे. मी पहिल्या सुट्टीहून परत येताना मोठ्या हौसेनं मोबाईल भरून फोटो आणले होते. किल्ल्याचे, वेशीचे, आठवडी बाजाराचे. चाचांनी पहिला फोटो उघडायच्या आधीच मोबाईल पालथा घातला. ते स्वतः जाऊन बघणार होते, आधी कशाला बघायचं, असं त्यांचं म्हणणं. पुढं एकदा माझी बायको व्हिडिओ कॉलवर त्यांना सलाम करायला आली आणि भोळेपणानं म्हणाली, "थांबा चाचा, गच्चीवरनं किल्ला दावते." चाचा झटक्यात वळले आणि ती खाली येईपर्यंत फ्रीजशी बोलत राहिले.

आता जाऊन बघायचं तर व्हिसा हवा. कराचीहून अर्ज करून झाले होते, ते कुठंच पोचले नव्हते. मस्कतमध्ये राहण्याचा परवाना हातात असल्यामुळं इथून जमेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. व्हिसाची तयारी म्हणजे कॅम्पातला सणच असायचा. न्हाव्याकडं जाणं, दाढीला आकार देणं, टाय लावून फोटो काढणं. औशात घालायचे म्हणून घेतलेले तपकिरी बूट खोक्यात ठेवलेले होते. दोन्ही देशांच्या पुढाऱ्यांनी टीव्हीवर हात मिळवलेले दिसले की चाचा ते खोक्यातून काढून पुसायचे, आणि बातम्यांचा सूर बिघडला की परत कागदात गुंडाळून ठेवायचे. शेजारच्या देशांचे संबंध कसे चालले आहेत, हे आम्ही वर्तमानपत्रापेक्षा त्या खोक्यावरून ओळखायचो.

मी त्यांची मुलाखतीची तालीम घ्यायचो. मी अधिकारी, चाचा अर्जदार, मध्ये स्टोअरचं टेबल. का जायचंय असं विचारलं की चाचा आईच्या लग्नापासून सुरुवात करायचे. मी म्हणायचो, चाचा, एका वाक्यात सांगा. ते म्हणायचे, "एक जुमले में तो अम्माँ बी नै बता सकी." मग मी सुचवलं की नुसतं पर्यटक म्हणून सांगा, तेवढं पुरतं. हे त्यांना लागलं. "टूरिस्ट वो रैता जो रस्ता पूछता," ते म्हणाले. "मेरेकू औसे में रस्ता पूछने की जरूरत नै."

व्हिसाच्या खिडकीवरचा माणूस मात्र फार सौजन्याचा निघाला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की औशात तुमचे नातेवाईक कोण आहेत. चाचांनी सांगितलं, पूरा औसा. तो हसला आणि म्हणाला, यातला एखादा तरी सही करणारा पाहिजे. तिथल्या कुणीतरी या पाहुण्याची लेखी हमी घ्यायला हवी होती. चाचा परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. एवढ्या मोठ्या गावात आपल्यासाठी सही करेल असं एकही नाव आपल्याला सांगता आलं नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं.

मी आमच्या नानांना विचारायचं ठरवलं. नाना म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, गावात सगळ्यांच्या कागदांवर सही करणारे पण एकही कागद न वाचता सही न करणारे. ते म्हणाले, "न बघितलेल्या माणसाची हमी मी कशी घेऊ? जोड फोन." मी जोडला. नानांनी नमस्कार झाल्या झाल्या परीक्षा सुरू केली. आईचं घर कुठं होतं, गल्ली कुठली, दारासमोर काय होतं. चाचा उठून उभे राहिले होते, शाळेत राहावं तसे. त्यांनी सांगितलं की दारातून निघालं की डाव्या हाताला तेल्याचा घाणा, त्याच्या पुढं आड, आडाला दगडी काठ, आणि त्याचं पाणी असं गोड की दुसऱ्या गल्लीतल्या बाया भांडून न्यायच्या.

नाना म्हणाले, "मी लहानपणी त्या आडात पडलो होतो."

ते दोघं त्या दिवशी इतका वेळ बोलले की माझ्या फोनची बॅटरी संपली. नानांनी सही केली, तलाठ्यापासून पोलीस ठाण्यापर्यंत जे जे लागलं ते हिंडून गोळा केलं आणि पाठवून दिलं. त्यानंतर दर शुक्रवारी चाचांचा फोन नानांना जाऊ लागला. माझी आई म्हणायची की यांच्या बरोबरीचं आता कोणी राहिलं नाही, जुन्या औशाचं बोलायला यांना कराचीचा माणूस सापडला. मी पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा नानांनी मला ती जागा दाखवली. घर नव्हतं, घाणा नव्हता. आड कधीच बुजवला होता आणि त्यावर उभ्या राहिलेल्या कॉम्प्लेक्समध्ये खाली मोबाईलचं दुकान आणि वर ब्यूटी पार्लर होतं. नाना म्हणाले, "त्याला यातलं काही बोलू नकोस."

अर्ज खिडकीत जाऊन पडला. चाचांनी त्या वर्षीच्या अमावस्येसाठी रजाही मंजूर करून घेतली. मग बातम्यांचा सूर परत बिघडला, बूट कागदात गेले, अमावस्या येऊन गेली. अर्ज विचारात आहे एवढंच उत्तर मिळत राहिलं. ते विचार चालू असतानाच चाचांचं वय झालं म्हणून कंपनीनं त्यांना निरोप दिला. आखातात नोकरी संपली की राहण्याचा परवाना संपतो, आणि परवाना संपला की तिथून केलेला अर्जही संपतो. हार घालून, पेढे वाटून झाल्यावर मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. सामान आत गेल्यावर चाचा माझा हात धरून म्हणाले, "मेरेकू मालूम है, सब बदल गया हुंगा. मैं पागल नै हूँ. पर किसीने मुँह पे बोला नै अब तक."

पुढं वर्षभरात मीही परतलो. लातूरला इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं आणि औशातून रोज जा-ये सुरू केली. चाचा कराचीतून अधूनमधून अर्ज करतात. वय झाल्यामुळं दर अर्जाबरोबर एक-एक डॉक्टरी कागद वाढतो, असं ते हसत सांगतात. शुक्रवारचा फोन चालू आहे. दोघांनाही आता कमी ऐकू येतं, त्यामुळं गल्लीतल्या सगळ्यांना चाचा माहीत झाले आहेत.

परवाच्या शुक्रवारी दुकान बंद होतं आणि मी घरी होतो. ऊन तापलेलं. नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते, आणि गल्लीच्या तोंडाशी नुकताच टँकर येऊन थांबला होता. बायाबापड्यांनी पाइप धरायला गर्दी केली होती, घागरींचा आवाज चालला होता. नाना दारात खुर्ची टाकून फोनवर बोलत होते. पलीकडून चाचांनी विचारलेलं मला उंबऱ्यातून स्वच्छ ऐकू आलं. "नाना, आड में पानी है ना इस साल?"

नानांनी टँकरकडे पाहिलं. म्हणाले, "हाय की. वरपर्यंत हाय."

"मीठा?"

"पहिल्यासारखंच."

मी त्यांच्याकडे बघतोय हे लक्षात आल्यावर नानांनी फोनवर तळहात ठेवला आणि मला हळूच म्हणाले, "तो येईल तेव्हा बघू. तोवर राहू दे की पाणी."

मी दोन बादल्या उचलल्या आणि रांगेत जाऊन उभा राहिलो. मागं नाना मोठ्या आवाजात चाचांना सांगत होते, सकाळी सकाळी रहाट कसा कुरकुरतो, आणि आज पाण्याला कोण कोण आलं होतं ते.