‘बी’चे सहा शब्द

“दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर…” सरांचं बोलणं सुरूच इथून होई. पहिल्या शब्दांत त्यांनी काहीच सांगितलेलं नसे. मार्करचं टोपण तळहातावर आपटायचं, वर पंख्याकडे बघायचं आणि हे वाक्य टाकायचं. नवीन मुलं एकमेकांकडे बघत, आपलं काही ऐकायचं राहिलं की काय म्हणून.

उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचा स्पर्धा परीक्षांचा क्लास. सर तिथे इंग्रजी शब्द शिकवायचे आणि मी काउंटरवर बसून हजेरी, फोन बघायचे. मी शिकले इंग्रजी माध्यमात, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी रजिस्टरात डोकं घालते. तुमच्यातही अशी गप्प माणसं असतील. बाकीचे बोलत असतात तेव्हा आपण त्यांना बघत असतो, नाही का?

सर रोज सारख्या अक्षरांचे शब्द घेत. त्यांचा ‘जी-एल’चा तास मला दारातूनच पाठ झाला होता.

“जी-एलनं सुरू होणाऱ्या शब्दांत कुठंतरी उजेड असतो. ग्लो, आतून येणारा उजेड. ग्लीम, मंद लकाकी. ग्लिटर, लखलखाट. ग्लान्स, ओझरती नजर. डोळे क्षणभर चमकतात, इतकंच.”

“आणि ग्लूम, सर?” साहिल विचारायचा. हा बॅचमधला सगळ्यात आगाऊ.

“तिथं लाइट गेलीय.”

असाच तो एकदा म्हणाला, “सर, ए झाला, सी झाला, डी पण झाला. बी कुठं गेला, गावाला?”

“नंतर घेऊ,” सर म्हणाले आणि ‘ई’ लिहायला वळले.

त्यांच्या बाकीच्या गमतीही मी बघत होते. झाडलोट करणाऱ्या मावशींना ते म्हणत, “मावशी, जरा जल मिळेल का?” मावशी तांब्या आपटून विचारत, “काय सर, नाटकात काम करता का?” खालच्या टपरीवर ते रोज उपमा खात. मला वाटे, आवडत असेल. एकदा मी डब्यात पोहे आणले होते, ते पुढे केले. सरांनी शेवटचा शेंगदाणासुद्धा बोटानं टिपला.

“एवढे आवडतात तर खाली मागत का नाही?”

“दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर, उपमा सोपा आहे.”

मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते तिकिटाच्या खिडकीवर. एरवी मी तिकीट मोबाईलवर काढते, तो बंद पडला होता म्हणून स्टेशनवर रांगेत उभी होते, पुढे सर. त्यांनी तिकीट मागितलं, “वांगणी, एक.”

“सर, तुम्ही वांगणीला राहता?”

“हेंद्रेपाडा.”

हेंद्रेपाडा तर बदलापुरात. मी तिथल्याच बेलवलीची. वांगणी त्याच्यापुढचं स्टेशन.

“मग वांगणीचं का काढलं?”

सर हसले. “गाडी त्याच वाटेनं जाते.”

घरी पोचेपर्यंत जल, उपमा आणि वांगणी यांची संगती लागली. शब्दाच्या सुरुवातीला आलेले ‘ब’ आणि ‘प’ सरांच्या ओठांत अडकत होते. ती अक्षरं टाळायला ते वाक्याला वळसा घालत, आणि वळण शोधायला वेळ मिळावा म्हणून पंखा, टोपण, दुसरे शब्द. माणूस राहतो त्या गावाचं नाव मात्र दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही.

मग तक्रारी आल्या. आमचे मालक सिंधी, आधी कापडाच्या धंद्यात होते. ते सरांना म्हणाले, “साईं, नॉलेज तुमचं एक नंबर. लेकिन दोन पालक येऊन गेले. सर मध्येच थांबतात म्हणे. शनिवारी मी मागं बसतो. नाही जमलं तर तुम्ही आतल्या खोलीत पेपर तपासा. पगार तोच राहील.”

त्या संध्याकाळी सर काउंटरपाशी उभे राहिले. “अंबरनाथच्या कंपनीत मी कॉम्प्युटरसमोर गप्प असायचो. शिकवायचं म्हणून ती नोकरी सोडली. आता आतली खोली नको.”

“शनिवारी जी-एल घ्या ना, सर. तो छान होतो.”

“नको. राहिलेलं घेतो.”

शनिवारी मालक प्लास्टिकची खुर्ची घेऊन मागच्या भिंतीला बसले. मी हजेरीच्या निमित्तानं दारात. सरांनी फळ्यावर मोठा ‘बी’ काढला, खाली सहा शब्द लिहिले आणि आमच्याकडे तोंड केलं. ओठ मिटले ते उघडेचनात. मान ताठ, गळ्याची शीर वर आलेली.

साहिल फिसकन हसला. मागून कुणीतरी भल्या मनानं म्हणालं, “बोल्ड, सर.”

सरांनी हात वर केला. “मी म्हणणार.”

पुन्हा ओठ मिटले. साहिलच्या शेजारी मनीषा बसायची, दिवसभर जीन्सचे धागे कापून क्लासला येणारी. ती त्याला म्हणाली, “थांब की. गाडी सुटतेय का तुझी?”

“ब… ब… बोल्ड,” सर म्हणाले. “म्हणजे धीट. मी ब आणि प वर अडकतो. आजवर टाळत आलो. आज सहा शब्द आहेत. वेळ लागेल.”

आणि लागला. ब्रीफ, थोडक्यात, हा शब्द सगळ्यात लांबला. त्यावर सर स्वतःच हसले, मग वर्ग हसला. ब्लंट म्हणजे बोथट, आणि तोंडावर बोलणारा. ब्लूम, फुलणं. बिलाँग, आपलं असणं. बेअर, सोसणं.

“बेअर म्हणजे अस्वल पण ना, सर?” साहिल.

“हो. मात्र प… परीक्षेत अस्वल येणार नाही, सोसणं येईल.”

तास संपला तसे मालक उठले. “सहाच वर्ड झाले, साईं.”

“सहाच.”

“माल बघून घेतो.” त्यांनी साहिलकडे बोट केलं. “बोल, ब्लंट?”

“बोथट. किंवा तुमच्यासारखा, तोंडावर बोलणारा.”

मालकांना हसू आवरेना. त्यांनी आपली खुर्ची स्वतः उचलली आणि जिन्याकडे निघाले. दारात मला म्हणाले, “सकाळची बॅचसुद्धा सरांच्या नावावर लिही.”

आता सर आमच्याकडे नाहीत. अंबरनाथला, रिक्षा स्टँडसमोर त्यांचा स्वतःचा क्लास आहे. त्या बाजूला गेले की वरच्या खिडकीतून एखादं अक्षर ऐकू येतं आणि मग काहीच नाही. वर्ग भरलेला असतो, तरी बाक वाजत नाही, कुणी शब्द पुरवत नाही.

“मॅडम, एक सीट आहे, चलो ना,” रिक्षावाला म्हणतो.

“थांबा जरा,” मी मोठ्यानं सांगते. “सरांचा शब्द यायचाय.”