बागेत राहिलेलं बोलणं

मित्रांसोबत पचमढीला जायचं ज्या फोनवर पक्कं झालं, तो फोन मी काटोलजवळच्या एका संत्र्याच्या बागेत घेतला. घ्यायला नको होता; निदान तसा घ्यायला नको होता. बायको म्हणते, तुम्हाला वाईट वाटून घ्यायला सतत काहीतरी लागतंच. असेल. पण ही गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

अंध मुलांच्या वसतिगृहात मी पहिल्यांदा गेलो तो जेवण द्यायला. आपल्या पोरांच्या वाढदिवसाला बरेच लोक देतात, तसंच. गुलाबजाम वाढत होतो तर एका मुलानं विचारलं, "आज कोणाचा बड्डे?" शेजारचा म्हणाला, "कोणाचा का असेना. काल जिलेबी, आज गुलाबजाम. कोणी तिखट आणलं तं मी त्याचा बड्डे रोज करीन." तिथली सगळी व्यवस्था पाहणाऱ्या बाई हसल्या. म्हणाल्या, "गोड सगळेच आणतात हो. वाचून दाखवायला कोणी येत नाही." पुढच्या शनिवारी मनीषनगरातून स्कूटर काढली आणि गोष्टींचं एक पुस्तक घेऊन गेलो. तेव्हापासून शनिवारची दुपार त्यांची.

बाईंनी सुरुवातीलाच दोन गोष्टी शिकवल्या होत्या. मुलाचा हात आपण ओढायचा नाही, त्याला आपलं कोपर धरू द्यायचं. आणि बाजूला जायचं असेल तर सांगून जायचं. "तुम्ही न सांगता उठलात तर ते लेकरू तुमच्याशी बोलतच राहतं. मग कळतं, की आपण एकटेच बोलत होतो. फार लाजतात हो ती." मी मान हलवली. मला वाटलं, यात शिकवण्यासारखं काय आहे?

हिवाळा लागताना मुलांची काटोलला सहल निघाली. माझ्या कोपराला होती एक दहा-अकरा वर्षांची मुलगी. उमरेडकडची. घरी आजोबांपर्यंत हातमाग होता, आता वडील ट्रॅक्टर चालवतात. हे सगळं मला बसमध्येच कळलं, कारण ही मुलगी बोलायला लागली की थांबत नसे, आणि इतकी मोकळी ती फक्त माझ्याशी बोलते याचा मला छुपा अभिमान होता. बागेत तिनं एक झाडावरचं संत्रं दोन्ही हातांनी चाचपलं.

"काका, हे इकडून गरम आहे अन् तिकडून थंड."

"एका बाजूनं ऊन लागतं ना त्याला."

"एकाच गालाले?" ती हसली. मग हात तसाच ठेवून तिनं आवाज उतरवला. "काका, एक सांगू? पण कोणाले सांगू नका."

त्याच वेळी खिशातला फोन थरथरला. पचमढीचं हॉटेल ठरवायचं काम एका मित्राकडे होतं, आणि तो सकाळपासून लागत नव्हता. मी तिची बोटं कोपरावरून सोडवून एका फांदीवर ठेवली आणि नेटवर्क मिळेल म्हणून बागेच्या कडेला, धुऱ्याकडे चालत गेलो. काही बोललो नाही. दोन मिनिटांचं तर काम, असं वाटलं असेल. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही.

परतलो तेव्हा ती झाडाकडे तोंड करून हळू आवाजात बोलत होती. फांदी तशीच धरलेली. शेजारच्या झाडाखाली दोन बाया तोडलेली संत्री निवडत होत्या, त्या हात थांबवून तिच्याकडे पाहत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "अवं पोरी, कोणाशी बोलून राहिली? ते तुह्ये काका तं तिकडं फोनवर आहेत." दुसरीला हसू आलं. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण मुलगी शब्द अर्धा ठेवून गप्प झाली.

मी पटकन पुढे झालो. "अगं, इथंच होतो मी."

"इथंच?"

"हो. ऐकत होतो ना."

"मग मी काय म्हटलं?"

"घरचं... घरचंच काहीतरी सांगत होतीस."

"हं," ती म्हणाली. बसकडे परतताना तिनं बाईंचं कोपर धरलं.

त्यानंतरच्या शनिवारी ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. जेवण द्यायला येणाऱ्या पाहुण्यांशी बोलायचं या मुलांचं एक वेगळं मराठी असतं, शुद्ध आणि पाठ केलेलं. "नमस्कार काका. मी मजेत आहे. आपण आलात, आम्हाला आनंद झाला." ती माझ्याशी तसं बोलू लागली. मी वाचायचो, ती सतरंजीच्या टोकाला बसायची, गोष्ट संपली की "धन्यवाद" म्हणून भिंतीला हात लावत निघून जायची. ती त्या झाडाला काय सांगत होती, हे मला रोज कधी ना कधी आठवायचं. घरी काही दुखलंखुपलं असेल का? वसतिगृहात कोणी त्रास देत असेल का? बाईंना विचारावं, तर मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं.

आणि तशात पचमढीला निघालो. बाईंना सांगितलं, "पुढच्या शनिवारी जरा काम आहे." डोंगर पाहायला चाललो, हे त्या मुलांच्या कानावर जाऊ नये असं वाटलं. म्हणजे आणखी एक खोटं.

आम्ही कॉलेजपासूनचे चौघे. चौघांची पोटं सुटलेली, एकाच्या गाडीत कसेबसे मावलेलो. रस्ताभर चौघेही एकदम बोलत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी धूपगडाच्या वाटेवर चहा घेत होतो. खाली दरीत धुकं होतं, आणि मी नुसता कप धरून बसलो होतो.

"काय गा, तोंड असं काहून करून राहिला?" जरीपटक्याच्या बाजारात कापडाचं दुकान असलेला मित्र म्हणाला. "घरवालीची आठवण येऊन राहिली काय?"

मी सांगून टाकलं. बाग, फोन, फांदी, सगळं. गाडीवाला म्हणाला, "अबे, एवढंच? आपल्यात तरी कोण कोणाचं ऐकते? मी काल अर्ध्या रस्त्यापासून बोलून राहिलो, हा मागं घोरत होता."

"घोरत नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो," मागच्या सीटवरचा म्हणाला.

"तिले एक चांगली फ्रॉक घेऊन दे, खूश होईन," पुन्हा गाडीवाला.

दुकानदार मात्र हसला नाही. "माझ्या दुकानात रोज होते असं. थानावर थान उलगडून राहतो, भाव सांगून राहतो, मान वर केली तं गिऱ्हाईक गायब. त्याचं काही नाही वाटत. पण तेच परत येऊन म्हणालं, 'शेठ, मी इथंच होतो,' तं मी त्याले पायरी चढू देणार नाही." मग त्यानं चहाचा कप माझ्या हातातून काढून घेतला. थंड झाला होता. "दुसरा सांगतो. अन् तू तिले फ्रॉक-बिक घेऊन नको जाऊ."

पचमढीत मग मी मजाही केली. तेही लिहायला हवं. धबधब्यात उतरलो, घसरून पडलो, मित्र पोट धरून हसले, मीही हसलो. मजा केल्याचंही नंतर वाईट वाटलं, पण तो माझा स्वभाव.

परत आल्यावरच्या शनिवारी वाचनाआधी मी तिच्याजवळ सतरंजीवर बसलो. "मी आहे, काका," म्हटलं. "बागेत मी तुला खोटं सांगितलं. मी तिथं नव्हतो. फोन आला म्हणून तुला सोडून गेलो होतो."

"मले मालूम आहे. त्या बाईनं सांगितलं नं."

"चुकलं माझं."

ती सतरंजीचा दोरा ओढत राहिली. "गेले त्याचं काही नाही," ती म्हणाली. "सगळेच जातात. 'इथंच होतो' काहून म्हटलं? आता तुम्ही 'मी आहे' म्हटलं तरी मले हात लावून पाहावं लागन."

मी पुस्तक उघडलं आणि परत मिटलं.

"फोन कोणाचा होता?"

"दोस्ताचा. पचमढीला जायचं होतं."

"मंग मागच्या शनिवारी तिकडंच गेले होते? बाई म्हणे काम आहे."

"तिकडंच गेलो होतो."

हे ऐकून बाकीची मुलं सरकत जवळ आली. तिथं खायला काय मिळतं, थंडी किती, कोण घोरत होतं, धबधबा अंगावर पडला तर मार लागतो का. मी पडलो ते ऐकून एकानं टाळी वाजवली. यांच्यापासून लपवायचं काय होतं, मला आता सांगता येणार नाही.

उठताना मी तिला हळूच विचारलं, "तू तेव्हा झाडापाशी काय सांगत होतीस?"

"ते आता शिळं झालं," ती म्हणाली.

"काही त्रास आहे का तुला? एवढं तरी सांग."

"नाही नं. त्रासाचं नव्हतं. चांगलं होतं."

ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं, आणि मग जास्तच हळहळ वाटली. चांगलं होतं, आणि ते माझ्यासाठी काढून ठेवलं होतं तिनं.

पुढच्या शनिवारपासून ती टोकाला न बसता माझ्या डाव्या बाजूला बसू लागली. मी वाचत असलो की मधेच तिचा हात यायचा, बाहीला नुसता लागायचा आणि परत जायचा. एका गोष्टीत बऱ्याचदा. मी पान उलटायला थांबलो की हमखास. तो हात आला की मला दर वेळी लाज वाटायची. पण तो येतो आहे, याचा आधारही वाटायचा. मी कधी काही म्हटलं नाही. पाणी प्यायला उठायचं तरी सांगून उठायचो, परत आलो की सांगायचो. मुलं म्हणायची, "काका, तुम्ही टेशनवरच्या भोंग्यासारखे करून राहिले."

थंडी सरली, पंखे सुरू झाले. एका शनिवारी एका शेळीची लांबलचक गोष्ट वाचत होतो. शेळी रानात रात्र काढते, कोल्ह्याला फसवते, आणि शेवटी एका पडक्या विहिरीच्या काठावर येते. तिथं पान संपलं. उलटताना माझ्या लक्षात आलं, की गोष्ट सुरू झाल्यापासून बाहीला हात लागलेला नाही. मी डावीकडे पाहिलं. ती गुडघे पोटाशी घेऊन, हनुवटी त्यांवर टेकून बसली होती, तोंड किंचित उघडं.

मी पाहतच राहिलो. पुढचं वाचायचं भान राहिलं नाही.

"अवो काका," ती माझ्याकडे न वळता, वैतागून म्हणाली, "थांबले काहून? ते पडली का नाही विहिरीत?"