शेगडीच्या डोक्यावरचा जोड

घट्टराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीखात्यात त्यांचा जन्म गळके नळ बंद करण्यात गेला, आणि त्यांनी आवळलेला नट सोडवताना दुसऱ्याच्या नाकीनऊ यायचे, म्हणून सोबत्यांनी ते चिकटवलं. घरीही तीच तऱ्हा. बरणीचं झाकण, मोरीतला नळ, खिडकीची कडी, सगळं त्यांनीच लावायचं आणि त्यांनीच उघडायचं. बायकोने कुरकुर केली की म्हणायचे, "मी आहे ना."

यंदा थंडी पडायच्या आधीच त्यांनी बैठकीतल्या लोखंडी शेगडीची, धूर घराबाहेर नेणारी नळी दुरुस्तीला घेतली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याबद्दल दोघंही चकार शब्द काढत नव्हती. बॅगेत काय भरायचं, भाचा गाडी कधी आणणार, एवढंच बोलणं. घरात ऊब म्हणून ती एकच शेगडी. तेव्हा जाण्याआधी नळीचे सगळे जोड पक्के लिंपून टाकायचे, म्हणजे मागे काळजी नको, असा त्यांचा बेत. शेगडीचं खास सिमेंट बोटाने दाबून दाबून त्यांनी एकेक फट बुजवली आणि वर स्क्रू पिळले. शेवटी शेगडीच्या डोक्यावरचा, नळी जिथे शेगडीत बसते तो जोड लिंपून झाला, तेव्हा स्वारी भलतीच खुशीत होती.

बायको केव्हाची दारात उभी होती.

"ऐन थंडीत आत काजळी साचली तर?" तिने विचारलं.

"मी काढीन की."

"तुम्ही नसलात तर?"

"दवाखान्यात काय मुक्काम ठोकायचाय मला?"

"तसं नाही म्हणत. तुम्ही परत आलाच नाहीत, तर ही नळी मी कशी उघडायची?"

घट्टराव आधी चिडले. मग स्टुलावर बसले. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं. शेवटी उठून त्यांनी शेगडीच्या डोक्यावरच्या जोडाचं ओलं सिमेंट खरवडून काढलं; तो एक उघडला की सगळी नळी साफ करता येत होती.

"ये इकडे," ते म्हणाले.

सिमेंटच्या जागी त्यांनी तिला आगीत न जळणारी जाड दोरी गुंडाळायला लावली. मग स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला. ती स्क्रू फिरवत असताना त्यांचा हात एक-दोनदा पुढे गेला, तो त्यांनी मुकाट्याने मागे घेतला. तिने जोड लावला, उघडला, पुन्हा लावला. चेहराभर काजळी. शेगडीत चार काटक्या पेटवून तिने जोडाभोवती मेणबत्ती फिरवली. फट असती तर ज्योत तिकडे ओढली गेली असती. पण ज्योत सरळच राहिली.

"जमलं?"

"जमलं," ते म्हणाले. मग शेगडीकडे बघतच म्हणाले, "मला भीती वाटते गं."

"मलाही," ती म्हणाली, आणि मेणबत्ती विझवून तशीच काळ्या हातांनी त्यांच्याजवळ बसली.