डाव्या हाताचा घास

शब्दकोशात डावा म्हणजे उजव्याच्या उलट अंगाचा. आमच्या तिवशाकडच्या घरात मात्र डावा म्हणजे कमअस्सल. एका मुलापेक्षा दुसरा डावा, थोरल्या जावयापेक्षा धाकटा डावा, आणि नको असलेल्या माणसाला सरळ डावलायचं. या शब्दानं कधी कुणाचं भलं केल्याचं मला आठवत नाही. आणि मी तर जन्माचीच डावखुरी.

बाबांना ते खपायचं नाही. माझा डावा हात घासाकडे गेला की ते ताटच उचलून घेत. "डाव्या हातानं कोणी जेवते काय? सासरी आमची इज्जत काढशीन." पुढे तर जेवणाआधी आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं तो हात कमरेशी बांधू लागले. आई वाढत राही. मी उजव्या हातानं सांडलवंड करत जेवायला शिकले. लिहायलाही शिकले, पण अक्षर कायमचं कोंबडीचे पाय.

हेच बाबा बैलांच्या बाबतीत मोठे शहाणे. जोडीतला पांढरा बैल डाव्या बाजूचा. एकदा काकांनी त्याला वखराला उजवीकडे जुंपलं, तर बाबा ओरडत धावले. "जनावराले त्याची बाजू द्या लागते! कावून छळून राहिला त्याले?" काकांनी जू सोडलं. मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून हे ऐकत होते आणि मनगटावर चिंधीचे वळ होते. त्यापेक्षा बैलाचा जन्म बरा, असं तेव्हा खरंच वाटलं.

मागच्या वर्षी अर्धांगवायूनं बाबांची उजवी बाजू गेली. बोलणं जरा जड झालं, शिव्या मात्र साफ येतात. ते बडनेऱ्याला माझ्या धाकट्या भावाकडे असतात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं डाव्या हातानं जेवायची सवय करा म्हटलं, तर त्यांनी चमचा फेकला. तेव्हापासून भावजय भरवते. ती माहेरी गेली म्हणून भावानं मला अकोल्याहून बोलावून घेतलं आणि तो कामावर गेला.

मी भरवायला बसले. उजव्या हातातला चमचा लवंडला, वरण त्यांच्या सदऱ्यावर.

"इतकंही येत नाही काय तुले?"

मी चमचा डाव्या हातात घेतला. त्यांनी तोंड मिटून भिंतीकडे फिरवलं. मीही त्यांचीच लेक. "बाबा, तुमी शिकवलेल्या हातानं सांडते, यानं सांडत नाही," म्हटलं आणि हटून बसले. वरण पार थंड झालं. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. कुणी नाही अशी खात्री केली आणि तोंड उघडलं. निम्मा भात संपला, एक शीत खाली पडलं नाही. या वयातही मी वेडी, वाटलं, आता काहीतरी बोलतील.

जिन्यात भावाच्या चपला वाजल्या तसं त्यांनी पुन्हा तोंड मिटलं.

"जेवले काय, बाबा?" भावानं आत येत विचारलं.

"कायचं जेवण? डावा हात पुढे करून राहिली थे. उपाशीच आहो मी."

"एवढ्या दुरून आली, अन् एक काम नाही झालं काय ताई तुयाकडून?" भाऊ माझ्यावरच डाफरला.

बाबांच्या मिशीत भाताचं शीत अडकलं होतं. त्याला ते दिसलं नाही आणि मी दाखवलं नाही. त्यानं माझ्यापुढचं ताट ओढून घेतलं, उजव्या हातानं घास केला. बाबांनी लगेच आ केला.