एक काना जास्त

हाजरमावशीला गुजरातीतला एकच शब्द वाचता यायचा. ‘गेरहाजर’. बमरोलीतल्या आमच्या गल्लीत कुणाला घरपट्टीचा कागद आला की ती तो डोळ्यांजवळ धरायची, ओळीवरून बोट फिरवायची आणि शब्द सापडला की म्हणायची, “हा बघ मेला. इथं बसलाय. नीट बघून ठेव त्याचं तोंड.”

माझ्या कागदावरही तो बसला होता. बायको घरी साड्यांचं धागा-कटिंग करते, म्हणजे सुटे धागे कापते. दारात गठ्ठे दिसले म्हणून मोजणीवाल्यानं आमची खोली दुकानात धरली, पट्टी वाढली. मी हरकत घेतली, तर सुनावणी बुधवारी सकाळी अकराला. मी तेव्हा लूमवर. खाडा केला तर आपल्या जागेवर दुसरा माणूस उभा राहतो. गेलो नाही. गेरहाजर, हरकत रद्द. पट्टी थकली की खोलीला सील लागतं असं लोक सांगायचे. गाव लांब, इथं ही खोली सोडली तर काही नाही.

“शाळा किती झाली?” मावशीनं विचारलं.

“सातवी. पुढं सुटली.”

“मंग साहेबच तू. मी चौथी. हजेरीला काय म्हणायचास?”

“हजर.”

“इकडं एक काना जास्त लावतात. हाजर! म्हण.”

मी पुटपुटलो.

“अरे भो, लूमवर तर बोंबलतोस. ऑफिसचं नाव काढलं की घसा बसतो का?”

ती स्वतःही धागा-कटिंगवालीच. दर बुधवारी मांडीवर साडी घेऊन घरपट्टीच्या ऑफिसच्या बाकावर बसायची. कातर चालू, कान दाराकडे. गल्लीतल्या कुणाचंही नाव पुकारलं की उठायची. “हाजर!”

साहेब वैतागायचे. “मौसी, तुम राजेंद्र हो?”

“नाही. राजेंद्र तिकडं लूमवर उभा आहे, म्हणून मी इथं उभी.” आणि त्याच्या सहीचा कागद पुढं करायची. कधी चालायचं, कधी हाकलून द्यायचे. माझा रद्द कागद घेऊनही ती कितीतरी बुधवार उभी राहिली.

“रविवारी बसा ना, साहेब,” हे तिचं ठरलेलं.

“रविवारी आमची सुट्टी.”

“आमची बी तेव्हाच. मंग भेटायचं कधी, मेल्यावर?”

दोन वर्षं हेच चाललं. शेवटी तिनं गल्लीतले सगळे रद्द कागद पिशवीत भरले आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावर ओतले. “ही सगळी माणसं गेरहाजर. कुठं होती, एवढंच विचारा.”

त्यांनी विचारलं. महिन्यातून एक रविवार ठरला, आमच्याच भागातल्या शाळेत. रद्द झालेल्या हरकतीही पुन्हा ऐकणार होते.

तिचंही घर दुकानातच धरलेलं. लोकांचं सांगताना स्वतःचं तिनं कधी काढलं नाही. “माझं रविवारी सांगीन. मागून घेतलेला वार आहे, तिथं मीच नको?”

त्या पहिल्या रविवारच्या आधी, गुरुवारी, मावशी गेली. सकाळी छातीत दुखलं, दुपारी नेलीसुद्धा. मला पाळी सुटल्यावर कळलं. धावत आलो तर ओटा धुतलेला, आणि अर्धी कापलेली साडी कुणीतरी घडी करून खिडकीत ठेवलेली. तिला खांदा द्यायला मी नव्हतो. लूमवर होतो.

रविवारी शाळेत गर्दी झाली. माझं नाव आलं. “हाजर!” काना बरोबर लागला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. दुकानाची खोली पुन्हा घर झाली. मावशीला सांगायला म्हणून मी मागं वळलो, आणि मग आठवलं.

तीन नावांनंतर पुकारा झाला, “सुमनबाई पुंडलिक.” मावशीचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला माहीत नव्हतं. कुणी उठलं नाही. कारकुनानं पुन्हा पुकारलं आणि पेन टेकवलं. मी टेबलाच्या या बाजूला होतो, अक्षर उलटं दिसत होतं. तरी पहिल्या अक्षरालाच ओळखलं. तोंड बघून ठेवलेलं होतं.

“साहेब, थांबा.”

“तमे एमना शुं थाव?” कारकुनानं मान वर केली. तिचे तुम्ही कोण, असं विचारत होता.

मी कागदावर हात ठेवला.

“कोणी नाही, साहेब. पण तेवढा तो शब्द नका लिहू. वारल्या म्हणून लिहा.”