मुकादमाला हवा असलेला शब्द

बोटींवर माणसं भरणारा मुकादम आमच्याकडे आला तेव्हा त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. पडवीच्या पायरीशी उभ्याउभ्याच त्याने मला बाहेर बोलवायला सांगितलं. मुंबईला मामांकडे राहून मी कॉन्व्हेंटात शिकले होते, आणि तिथल्या एका स्पॅनिश सिस्टरने मला तिची भाषा थोडीफार शिकवली होती. हे धाकट्या भावानेच त्याच्या कानावर घातलं असणार. मॅट्रिकचा नाद सोडून भाऊ ह्याच मुकादमाबरोबर बोटीवर निघाला होता. आई त्या दिवसांत धड जेवत नव्हती.

"बाय, इंग्रजीत 'साइन ऑन' म्हणतात ना, ते स्पॅनिशमध्ये सांग. 'मी राजीखुशीने साइन ऑन करतो', एवढंच. पोरांकडून पाठ करून घेतो. कप्तानाने विचारलं की घडाघडा बोलले पाहिजेत."

मी खाली बघत म्हटलं, "बोटीवर नोकरीला लागायचं तर 'एन्रोलार्से'."

"तो नव्हे. दुसरा आहे एक."

दुसरा मला ठाऊक होता. अलिस्तार्से. सिस्टरचा भाऊ पलटणीत गेला होता, त्याच्याविषयी बोलताना तिच्या तोंडी तो यायचा. आणि स्पेनातल्या लढाईच्या बातम्या तर तेव्हा रोज छापून येत होत्या.

"तो सैन्यात जाणाऱ्यांचा शब्द आहे." परक्या पुरुषासमोर इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. आत भांडी घासण्याचा आवाज थांबला.

मुकादम हसला. "शिकलेल्या मुलींना शंका फार! अगो, तिकडची पद्धत आहे ती."

"बोट कुठल्या बंदराला लागणार?"

"लागेल तिथे लागेल."

भाऊ इतका वेळ खांबाला टेकून ऐकत होता. तो पुढे आला.

"काय गो ताई, एवढ्यानं घाबरलीस? मला तो पहिला शिकव. मी तोच म्हणेन. खलाशी म्हणून आलोय म्हटल्यावर माझ्या हातात बंदूक कोण देतोय?"

मुकादम चिडेल असं मला वाटलं. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने भावाच्या पाठीवरून मायेने हात फिरवला.

"म्हण की," तो म्हणाला. "तुला हवा तो म्हण."